गॅरेजात नेली की बरी होणारी गाडी

आजारी मूल डॉक्टरच्या पायरीवर पोहोचले की हसायला लागते, हा अनुभव घरोघरी असतो. गाडीचेही तसेच. डॅशबोर्डवरचा पडदा भर रस्त्यात काळा पडतो, गाणे मध्येच तुटते, फोन जोडलेला असून नसल्यासारखा होतो, मागे घेताना कॅमेरा निळा पडदा दाखवत बसतो. गॅरेजात नेली की सगळे कसे अगदी सुरळीत! मग जॉब कार्डावर 'दोष आढळला नाही' असा शेरा पडतो आणि आपण किल्ली घेऊन परत येतो. सरकारी नोकरीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाला, शेरा मारून फाईल बंद करणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

पण मंडळी, ही तक्रार आजची नाही. गाडीत टचस्क्रीन आला, म्हणून हे दुखणे सुरू झाले असे बहुतेकांना वाटते. गाडीत पहिला रेडिओ बसला त्याच दिवसापासून ते आहे. नव्वदहून अधिक वर्षांचा हा इतिहास आहे आणि माझ्या मते तो यंत्रांच्या इतिहासाइतकाच तक्रार ऐकून घेण्याचाही इतिहास आहे. सतत चालू असलेला बिघाड कोणीही शोधतो. अधूनमधून येणारा बिघाड मात्र ज्याने 'काय बिघडले' याच्या आधी 'केव्हा बिघडते' असे विचारले, त्यालाच सापडला.

सुरुवात अमेरिकेतून करू. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांची एक छोटी कंपनी होती, गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन, स्थापना १९२८. घरातला रेडिओ बॅटरीऐवजी विजेवर चालावा म्हणून लागणारे उपकरण ती बनवत असे. तो धंदा बसू लागला. त्यात १९२९ची मंदी आली. गॅल्विन यांनी गाडीत बसेल आणि सामान्य माणसाला परवडेल असा रेडिओ करायचे ठरवले. जून १९३०मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचे संमेलन होते. तिथे मांडणी करायला त्यांच्याकडे जागा नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीतच रेडिओ बसवला, शिकागोहून ती चालवत नेली, बाहेर उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना आवाज ऐकवला. मोटार आणि त्या काळच्या 'व्हिक्ट्रोला' या ग्रामोफोनच्या नावाचे शेपूट जोडून त्यांनी रेडिओचे नाव ठेवले मोटोरोला. पुढे १९४७मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले.

याच गॅल्विन यांची एक गोष्ट सांगतात. कर्ज मिळावे म्हणून त्यांनी एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत आपला रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात त्या गाडीने पेट घेतला. कर्ज मिळाले नाही, हे सांगायला नकोच.

आग ही तशी सोपी गोष्ट. दिसते तरी! खरी डोकेदुखी खरखरीची होती.

पेट्रोलचे इंजिन म्हणजे ठिणग्यांचे दुकान. प्रत्येक स्पार्क प्लगवर मिनिटाला शेकडो वेळा ठिणगी पडते. आता मार्कोनीने पहिले बिनतारी संदेश पाठवले ते ठिणगी पाडूनच. तेव्हा बॉनेटखाली एक छोटे प्रक्षेपण केंद्र आणि हातभर अंतरावर, डॅशबोर्डाखाली, त्याचा आवाज ऐकायला बसलेला संवेदनशील रेडिओ, असा हा संसार होता. केंद्रावरचे गाणे दूरवरून क्षीण होऊन येते, प्लगची ठिणगी कानाशी. कोण जिंकणार?

त्यावर उपाय निघाले. प्लगच्या तारांमध्ये रोधक घातले, डायनॅमोवर कंडेन्सर लावले, बॉनेट आणि इंजिन यांना तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्याशी जखडून टाकले, म्हणजे सगळे लोखंड विजेच्या हिशेबाने एक झाले. ही विणलेली पट्टी लक्षात ठेवा. पुढे आमच्या गोव्यात तिचा संबंध येणार आहे.

तरीही खरखर राहायचीच, तीही अधूनमधून. तिचा माग काढण्याची त्या काळच्या कारागिरांची पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात कोणतेही उपकरण लागत नाही. गाडी वेगात असताना गिअर काढून किल्ली बंद करायची आणि गाडी नुसती घरंगळू द्यायची. टकटक थांबली तर दोष ठिणगीचा. शीळ घातल्यासारखा आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल तर डायनॅमोचा. खड्ड्यात आदळल्यावरच खरखर येत असेल तर कुठला तरी पत्रा किंवा एरियलची जोडणी सैल. (आजच्या गाडीत हा पहिला प्रयोग मुळीच करू नका. किल्ली बंद झाली की स्टिअरिंगचे लॉक लागू शकते आणि ब्रेकची मदतही जाते.)

आणि एक खरखर तर निव्वळ भुताटकी होती. कोरड्या हवेत, गुळगुळीत रस्त्यावर, गाडीने वेग घेतला की यायची. पाऊस पडला की गायब. गाडी उभी केली की गायब. म्हणजे गॅरेजात ती येणे शक्यच नव्हते! इंजिन बंद करून घरंगळले तरी ती चालूच, म्हणजे ठिणगीचाही संबंध नाही. मग कळले की टायर रस्त्यावर घासून चाकांवर स्थिर वीज साठते. पुढच्या चाकांच्या बेअरिंगमधल्या ग्रीसमुळे ती सांगाड्यात उतरू शकत नाही आणि मग तिथल्या तिथे उड्या मारते. ओळखण्याची खूण काय, तर चालत्या गाडीत ब्रेकवर किंचित पाय ठेवायचा. ब्रेकमुळे चाक आणि सांगाडा यांचा स्पर्श झाला की खरखर बंद. उपाय म्हणून चाकाच्या टोपीत एक छोटी स्प्रिंग बसवू लागले, जी आतल्या दांड्याला सतत टेकून राहील. काही पैशांची स्प्रिंग! पण तिच्यापर्यंत पोहोचायला कोणाला तरी गिऱ्हाइकाचे म्हणणे खरे मानून, त्याच्या शेजारी बसून, कोरड्या दिवशी हमरस्त्यावर फेरी मारावी लागली असणार. गॅरेजच्या छपराखाली बसून हे सापडले नसते.

युरोपात १९३२मध्ये ब्लाउपुंक्टने एएस ५ नावाचा गाडीचा रेडिओ काढला. यंत्र इतके मोठे की ते लांब कुठेतरी बसवायचे आणि त्याची बटणे स्टिअरिंगच्या दांड्यावर. स्टिअरिंगवरची बटणे ही आजची चैन नव्हे, तेव्हाची अडचण होती.

त्या काळच्या रेडिओतला दुसरा नाठाळ भाग म्हणजे व्हायब्रेटर. व्हॉल्व्हच्या रेडिओला दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी सहा व्होल्टची. सुरुवातीला गाडीच्या फळीखाली वेगळ्या मोठ्या बॅटऱ्या ठेवत. नंतर ही युक्ती निघाली. पत्र्याच्या डबीत एक पोलादी पाते सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरते, विजेचा प्रवाह जोडते-तोडते आणि त्या तुटक प्रवाहावर ट्रान्सफॉर्मर चालतो. पात्याच्या टोकांचे स्पर्शबिंदू जळत, चिकटत. मग थंड सकाळी रेडिओ मुका आणि दुपारी बोलका. उपाय म्हणून लोक डॅशबोर्डाखाली थाप मारत. यंत्राला थाप मारून चालू करण्याची आपली जी राष्ट्रीय सवय आहे, तिच्यामागे असे खरेखुरे शास्त्र होते. चिकटलेले पाते थापेने सुटायचे.

१९५५मध्ये फिल्को आणि क्रायस्लर यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा गाडीचा रेडिओ आणला. ट्रान्झिस्टरला बॅटरीचे बारा व्होल्ट पुरतात. व्हायब्रेटर गेला, त्याची गुणगुण गेली आणि थापही निरुपयोगी झाली. नंतरची पंचवीस-तीस वर्षे तशी सुखाची. त्यात क्रायस्लरने १९५६मध्ये गाडीत चक्क रेकॉर्ड वाजवणारे यंत्र बसवून पाहिले. काही वर्षांत ते गुंडाळावे लागले. फिलिप्सची कॅसेट १९६३ची. ती आमच्यापर्यंत पोहोचून म्हापसा-पणजी मार्गावरच्या बसगाड्यांतून भजने, तियात्रातली कांतारे आणि हिंदी गाणी एकाच दिवसात ऐकवू लागली. तिची दुखणी मात्र उघड्यावरची होती. टेप अडकली की दिसायची, पेन्सिलीने गुंडाळता यायची. पावसाळ्यात कॅसेटवर बुरशी धरायची, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून हेड पुसले की काम झाले.

रेडिओच्या बाबतीत आम्हा गोवेकरांना आणखी एक धडा आपसूक मिळतो. आल्तिनोवरच्या आकाशवाणी केंद्राचे एफएम लावून चोर्ल्याचा घाट चढायला घ्या. वळणावळणाला आवाज जातो, येतो, पुन्हा जातो. नवखा माणूस रेडिओला दोष देईल. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की सावली पडते. मीडियम वेव्ह तशी डोंगराला फारशी जुमानत नाही. एकाच वळणावर रोज आवाज जात असेल तर दोष डोंगराचा, वळण कोणतेही असो आणि आवाज जात असेल तर गाडीचा. 'केव्हा' इतकाच 'कुठे' हा प्रश्नही कामाचा आहे.

आता पडद्याकडे येऊ. गाडीत स्पर्शाने चालणारा पडदा २०००नंतर आला असे वाटते ना? १९८६ची ब्यूक रिव्हिएरा ही अमेरिकन गाडी पाहा. तिच्यात नऊ इंची, टीव्हीसारखा काचेच्या नळीचा, हिरव्या अक्षरांचा टचस्क्रीन होता. एसी, रेडिओ, गाडीची तब्येत, सगळे त्याच्यावर. लोकांना तो आवडला नाही. एसीचे बटण शोधण्यासाठी रस्त्यावरून नजर काढावी लागते, ही आजची तक्रार तेव्हाही होती. चार वर्षांत तो बंद झाला.

पण पडद्यापेक्षा मोठा बदल तारांमध्ये झाला. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळी तार होती. बॉश कंपनीने १९८६मध्ये कॅन नावाची पद्धत जगापुढे मांडली. एका तारेच्या जोडीवर अनेक यंत्रे एकमेकांशी बोलतात, कार्यालयात एकच परिपत्रक सगळ्या टेबलांवरून फिरते तसे. आवाज आणि चित्र यांसाठी मग मोस्ट नावाची पद्धत आली. तिची संस्था १९९८मध्ये स्थापन झाली आणि २००१च्या बीएमडब्ल्यू ७ मालिकेत ती वापरली गेली. तिच्यात तांब्याऐवजी प्लॅस्टिकचा प्रकाशतंतू असतो आणि त्यातून तांबडा प्रकाश धावतो. रेडिओ, अॅम्प्लिफायर, सीडीचा डबा, फोनचा डबा असे सगळे एका वर्तुळात, हातात हात धरून. प्रत्येकाने शेजाऱ्याकडून प्रकाश घ्यायचा आणि पुढे द्यायचा.

गोम अशी की फुगडीत एकाचा हात सुटला की सगळेच पडतात. डिकीतल्या फोनच्या डब्यात पाणी शिरले तर पुढचे गाणे बंद, नकाशा बंद, सगळेच मुके. माणूस म्हणतो, रेडिओ बिघडला. रेडिओ ठणठणीत असतो. इथे बिघाड शोधण्याची रीत मोठी छान आहे. प्रकाशतंतूचा एक छोटा फास घ्यायचा, एकेका डब्याची जोडणी काढून तिथे तो फास लावायचा, म्हणजे तो डबा वगळून वर्तुळ पुरे होते. जो डबा वगळल्यावर आवाज परत आला, तो चोर. तंतू फार वाकवला तरी प्रकाश गळतो, म्हणून सीट पुढे सरकवली की आवाज बंद, मागे घेतली की चालू, असाही प्रकार होऊ शकतो. अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाकडे सर्व्हिसवाले कसे पाहत असतील, याची कल्पना करा.

मी कल्पना करू शकतो, कारण माझ्याकडेही तसेच पाहिले गेले आहे.

माझ्या गाडीच्या किंवा सर्व्हिस सेंटरच्या नावाला इथे काही महत्त्व नाही. एका पावसाळ्यात तिचा पडदा अधूनमधून काळा पडून पुन्हा सुरू होऊ लागला. तीनदा दाखवली. तिन्ही वेळा 'दोष आढळला नाही'. चौथ्यांदा म्हणाले, पूर्ण युनिट बदलून टाका. किंमत ऐकून मी घरी आलो. कारकुनाच्या पगारात युनिट बदलणे म्हणजे चतुर्थीचे सामान, मुलाची फी आणि विम्याचा हप्ता यांपैकी कोणाला तरी पुढच्या महिन्यावर ढकलणे. तेही दोष कुठे आहे हे कोणी न सांगता.

मग आमच्या वाड्यावरच्या एका जुन्या फिटरकडे गेलो. वय साठीच्या पुढे, ॲम्बेसेडर आणि पद्मिनीवर हात बसलेला. मी पाढा वाचायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर केला. "पात्रांव, कितें जाता तें सांगूं नाका. केन्ना जाता तें सांगात."

हे ऐकून मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. म्हटले, "मेस्त, आठ दिवस द्या." कारकुनाला नोंदवही कशी ठेवायची ते शिकवावे लागत नाही. तारीख, वेळ, ठिकाण, पाऊस आहे की नाही, फोन जोडलेला होता का, एसी चालू होता का, दिवे, वायपर, असे रकाने आखले. आठ दिवसांत चौदा नोंदी झाल्या. त्यातल्या अकरा पावसातल्या. पण जुलैच्या गोव्यात पाऊस कधी नसतो? पावसाचा रकाना काहीच सिद्ध करत नव्हता. फोनचा रकानाही कामाचा निघाला नाही, कधी जोडलेला, कधी नाही. एक गोष्ट मात्र चौदाही नोंदींत होती. हेडलाइट, वायपर आणि एसीचा पंखा तिन्ही एकाच वेळी चालू. कोरड्या तीन नोंदीही रात्रीच्या होत्या, पाऊस नुकताच थांबला असला तरी वायपर चालूच होते.

मेस्तांनी वही पाहिली, मल्टिमीटर काढला आणि तिन्ही गोष्टी चालू करायला सांगितल्या. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी डॅशबोर्डाखाली जिथे पडद्याची काळी तार गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते तिथे. जोडणी चांगली असेल तर या दोन ठिकाणांमध्ये व्होल्टेजचा फरक जवळजवळ शून्य यायला हवा. इथे तो दीड व्होल्टच्या वर जात होता आणि हेडलाइट बंद केला की खाली येत होता. बोल्ट काढला. त्याच्याखाली गंजाची तांबूस पूड. समुद्राची हवा, चार महिन्यांची ओल आणि तोच बोल्ट तीन-चार तारांनी वाटून घेतलेला. जास्त भार आला की पडद्याला पुरते व्होल्ट मिळत नव्हते आणि आतला संगणक दम तोडून नव्याने सुरू होत होता. गॅरेजात मात्र भर दिवसा, छपराखाली, दिवे आणि वायपर बंद ठेवून तपासणी होते. तिथे तो कशाला बिघडेल? पॉलिश पेपर, नवा वॉशर, थोडे ग्रीस. मेस्तांनी दीडशे रुपये घेतले, तेही मी आग्रह केला म्हणून.

१९३०च्या त्या विणलेल्या पट्टीचेच हे काम. गाडीचे लोखंड विजेच्या हिशेबाने एक असले पाहिजे. पडद्याचा पडदा झाला, तरी हा नियम बदलला नाही.

इथपर्यंतचे बिघाड गाडीच्या आतले होते. गेल्या काही वर्षांत बाहेरून येणाऱ्या बिघाडांची नवी जात निर्माण झाली आहे आणि तिथे गंज शोधून उपयोग नाही.

जून २०१६मध्ये अमेरिकेत लेक्ससच्या कितीतरी गाड्यांचे पडदे एकाच दिवशी पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. गाड्या वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या मालकांच्या. हवामान आणि वाहतुकीची माहिती गाडीला हवेतून मिळत असते, तिच्यात चुकीचा मजकूर आला होता. एकाच दिवशी सगळीकडे, ही 'केव्हा'ची नोंदच सांगत होती की दोष कुठल्या एका गाडीत नाही.

२०१९ची गोष्ट तर गमतीची. 'नाइन्टी नाइन पर्सेंट इन्व्हिजिबल' नावाचा एक लोकप्रिय अमेरिकन ध्वनिकार्यक्रम आहे. एका श्रोत्याची तक्रार अशी की त्याच्या माझदा गाडीत बाकी सगळे कार्यक्रम नीट चालतात, हा एकच लावला की पडदा बंद पडून पुन्हा सुरू होतो. कोणीही हसले असते. पण 'रिप्लाय ऑल' या दुसऱ्या कार्यक्रमाच्या मंडळींनी ती गंभीरपणे घेतली, वेगवेगळ्या नावांचे खोटे कार्यक्रम तयार करून गाडीत लावून पाहिले आणि संशय नावातल्या टक्क्याच्या चिन्हावर आणून ठेवला. संगणकाच्या अनेक भाषांत % हे चिन्ह म्हणजे 'पुढे येणारे अक्षर ही आज्ञा समज' अशी खूण असते. शीर्षक वाचायचे सोडून यंत्र आज्ञा पाळायला धावले आणि तोंडावर आपटले. फाईलवरच्या विषयालाच कोणी आदेश समजावे, तसे! आमच्याकडे तेही घडते म्हणा. असो.

त्याच कंपनीच्या गाड्यांची सिएटल शहरातली गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. जानेवारी २०२२च्या अखेरीस तिथल्या २०१४ ते २०१७ या सालांच्या गाड्यांतले रेडिओ ९४.९ एफएम या एकाच केंद्रावर अडकून बसले. केंद्र बदलेना. नकाशा, ब्लूटूथ, मागचा कॅमेरा सगळे गेले आणि पडदा सारखा नव्याने सुरू व्हायचा प्रयत्न करत राहिला. तिकडे डिजिटल प्रसारणात गाण्यासोबत छोटे चित्रही पाठवतात. त्या केंद्राने पाठवलेल्या चित्राच्या फाईलच्या नावाला शेवटचे शेपूट, म्हणजे हे कोणत्या प्रकारचे चित्र आहे हे सांगणारी अक्षरे, नव्हती. गाडीतल्या जुन्या सॉफ्टवेअरला अशी बिनशेपटाची फाईल काय आहे ते कळेना आणि ती टाकूनही देता येईना. सॉफ्टवेअर नवे घालून भागत नव्हते, सुमारे दीड हजार डॉलरचे युनिटच बदलावे लागत होते आणि तेव्हा सुट्या भागांची टंचाई होती. इथेही धागा लागला तो मालक मंडळींनी एकमेकांशी बोलल्यावर. सगळे एकाच शहरातले आणि सगळे एकच केंद्र ऐकणारे. शेवटी कंपनीने खर्च आपल्या अंगावर घेतला. प्रत्येक मालक आपापल्या गॅरेजात एकेकटा भांडत राहिला असता, तर त्या प्रत्येकाच्या हातात दीड हजार डॉलरचे बिल पडले असते असे मला वाटते.

टेस्लाची तऱ्हा आणखी निराळी. तिथे बाहेरून काहीच आले नाही. गाडीच्या संगणकात आठ गिगाबाइटची एक स्मरणचिप होती. अशा चिपवर लिहिणे-पुसणे ठरावीक वेळाच होते, इथे सुमारे तीन हजार फेऱ्या. गाडीचा संगणक स्वतःच्या कामकाजाच्या नोंदी रात्रंदिवस त्या चिपवर लिहीत राहिला आणि पाच-सहा वर्षांत चिप झिजली. पडदा आधी संथ, मग अधूनमधून कोरा, मग कायमचा कोरा. त्याच्यासोबत मागचा कॅमेरा आणि काचेवरची वाफ घालवणारी सोयही जायची. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने लक्ष घातल्यावर फेब्रुवारी २०२१मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. नोंदी ठेवण्याच्या अतिरेकाने बिघडलेले हे यंत्र, माझ्या व्यवसायबंधूंनी ध्यानात घ्यावे असे.

होंडाच्या काही जुन्या गाड्यांत तर जानेवारी २०२२मध्ये घड्याळच वीस वर्षे मागे गेले. सकाळी किल्ली फिरवली तर पडद्यावर १ जानेवारी २००२. हाताने वेळ लावावी तर गाडी पुन्हा सुरू केल्यावर ती परत चुकीची. बॅटरी काढून पाहिली, फ्यूज काढून पाहिले, काही उपयोग नाही. गाडी वेळ घेते उपग्रहांकडून. जीपीएसचे आठवडे ६ जानेवारी १९८०पासून मोजले जातात आणि जुन्या संदेशात आठवड्याच्या आकड्याला जागा आहे फक्त ० ते १०२३ एवढी. १०२४ आठवडे, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून थोडे अधिक, झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. आवक-जावक वहीचा क्रमांक नव्या वर्षी एकपासून सुरू होतो तसे. वहीवर वर्ष लिहिलेले नसेल तर क्रमांक ४१२ कोणत्या सालचा, हे कसे कळणार? यंत्र बनवणारे मग आपापला अंदाज बांधून ठेवतात आणि त्या अंदाजाचीही मुदत कधीतरी संपते. ऑगस्ट १९९९च्या पहिल्या फेरीला जपानात अनेक गाड्यांतले नकाशे बंद पडले होते. होंडाच्या मालकांना सांगण्यात आले की ऑगस्टपर्यंत थांबा, आपोआप बरे होईल. इतका उद्धट वाटणारा सल्ला क्वचितच खरा निघतो. ऑगस्ट २०२२मध्ये ती घड्याळे खरोखरच आपोआप नीट झाली.

जीपीएसच्या आठवड्यांची दुसरी फेरी एप्रिल २०१९मध्ये झाली. तिसरी आहे २०३८च्या नोव्हेंबरात. माझी गाडी तोवर टिकायची नाही आणि मी निवृत्त झालेला असेन. पण त्या महिन्यात कोणाच्या पडद्यावरची तारीख वेडीवाकडी दिसू लागली आणि सर्व्हिसवाले युनिट बदला म्हणू लागले, तर आधी शेजाऱ्याच्या गाडीतली तारीख जरूर पाहून यावी.